थोरल्या महाराजांची अनवाणी वाट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी लेखक नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि पस्तीस वर्षे खतावण्या, व्हाउचरे आणि मार्चअखेर यांतच गेली. पण दत्तजयंतीच्या अंकासाठी आपल्या मंडळाने प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांवर काहीतरी लिहा असा आग्रह केला, म्हणून हे धाडस. महाराजांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. मीही ते चाळीस वर्षे वाचत आलो. तरी त्यातली एक गोष्ट मला गेल्या वैशाखात, कोल्हापूर-सांगली रस्त्यावर, भर दुपारी एकच्या उन्हात कळली. ती कशी, तेच सांगतो.

आधी घरातली गोष्ट सांगायला हवी. आमच्या मुलीचे पहिले बाळंतपण अवघड होते. त्या वेळी आमच्या मंडळींनी नवस बोलला होता, की मायलेकरू सुखरूप सुटले तर आम्ही दोघे कोल्हापूरहून नरसोबाच्या वाडीला चालत येऊ. महाराजांच्या कृपेने सगळे सुखरूप झाले. नवस मात्र राहिला. दर वर्षी ती विषय काढायची आणि दर वर्षी मी म्हणायचो, मार्चअखेर होऊ दे. मग म्हणालो, रिटायर होऊ दे. रिटायर झालो तर गुडघ्याचे निमित्त सांगितले. वाडीला आम्ही जात होतोच, पण एस.टी.ने. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या देवघरातल्या सप्तशती गुरुचरित्रसाराच्या पोथीत एका कागदावर तिने तो नवस तारखेसकट लिहून ठेवलेला मला सापडला. बँकेतल्या माणसाला थकबाकी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

म्हणून मी ठरवले, चालत जायचे. आणि वैशाखातच जायचे. कारण थोरल्या महाराजांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई वैशाखातच गेल्या, हे डोक्यात घट्ट बसले होते. मुलगा म्हणाला, बाबा, मार्गशीर्षात जा, थंडी असते. शेजारच्यांनी सांगितले, चालणारी मंडळी रात्रीची निघतात, उन्हात कुणी चालत नाही. मी मनात म्हटलं, महाराज अनवाणी सबंध हिंदुस्थान चालले, मला पंचेचाळीस किलोमीटर नाही जमणार? त्यात भक्ती किती होती आणि घमेंड किती, ते पुढे कळलेच.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळच्या माणगावचा, १३ ऑगस्ट १८५४ चा. तिथी श्रावण वद्य पंचमी. वडील गणेशभट्ट टेंबे, आई रमाबाई. वडील दत्तभक्त, त्यांचे गाणगापूरला जाऊन राहणे पुष्कळ असे. लहान वासुदेवाचे शिक्षण मुख्यत्वे आजोबा हरिभट्टांच्या हाताखाली सुरू झाले. वेद, ज्योतिष, कर्मकांड सगळ्यांत बुद्धी तीव्र. विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न झाले. संसार म्हणजे कोकणातल्या भिक्षुकाचा असतो तसा. घरात फार काही नव्हते आणि त्याची खंतही नव्हती.

ओढ मात्र वाडीची. माणगाव ते नरसोबाची वाडी म्हणजे सह्याद्रीचा घाट चढून देशावर यायचे, तेही पायी. आजच्यासारखी एस.टी. नव्हती. महाराज ती वाट अनेकदा चालले. वाडीला त्यांना श्री गोविंदस्वामींचा सहवास आणि मार्गदर्शन मिळाले. वाडीहून परतताना वाटेत त्यांना एक लहानशी दत्तमूर्ती मिळाली असे चरित्रकार सांगतात. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले. गावाला तीर्थाचे रूप आले, लांबून माणसे येऊ लागली. सुमारे सात वर्षे हे चालले. आणि एके दिवशी हे चालते देवस्थान, घर, मान, सगळे तिथेच ठेवून महाराज पत्नीसह बाहेर पडले. बरोबर घेण्यासारखे जे होते तेही घेतले नाही.

इथे मी माझ्या सॅककडे येतो. निघायच्या आदल्या रात्री ती मी वजनकाट्यावर ठेवली. नऊ किलो भरली. नातवाची कॉलेजची सॅक ती. त्यात दोन जोड कपडे, सतरंजी, दोन बाटल्या पाणी, बीपीच्या गोळ्या, टॉर्च, मोबाइलचा चार्जर, चिवडा, लाडू, जादा चपला, छत्री आणि हिची पोथी. दोन दिवसांच्या वाटेला नऊ किलो. मनात विचार आला की, महाराजांच्या संन्यासाश्रमात त्यांच्या अंगावर आणि हातात काय होते? कौपीन, छाटी, दंड, कमंडलू. पूजेची मूर्ती आणि थोडे ग्रंथ. पैशाला स्पर्श नाही. हा विचार आला, पण सॅकमधले मी काही कमी केले नाही.

पहाटे अंबाबाईच्या महाद्वाराला नमस्कार करून निघालो. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा नदीवरून गार वारा येत होता. पाय हलके होते. शिरोली गेली, दिवस उगवला, दोन्ही बाजूंना उसाचे फड, पाटाला पाणी सुटलेले. मी नामस्मरण करत होतो आणि अधूनमधून मोबाइलमध्ये किती किलोमीटर झाले तेही बघत होतो. खरे सांगायचे तर दुसरेच जास्त.

साडेनऊ-दहाला हातकणंगले आले. अर्धी वाट जवळजवळ सरली होती. हॉटेलवाल्याने चहा देताना विचारले, काका, पुढे आता कुठे? मी जयसिंगपूर म्हटल्यावर त्याने आकाशाकडे बघितले आणि म्हणाला, चार वाजेपर्यंत इथेच बाकड्यावर पडा की. शहाणा माणूस. मी हसलो आणि सॅक पाठीवर टाकली.

महाराज आणि अन्नपूर्णाबाई माणगाव सोडून निघाले, ते वाडीला आले, आणि पुढे तीर्थे करत गोदावरीकाठी गंगाखेडला पोहोचले. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव. आपण वाचताना महाराजांच्या वैराग्याचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या वाटेवर दुसरीही दोन पावले होती. ना घर, ना गाठीला पैसा, आज कुठे मुक्काम आणि उद्या कुठे जेवण याचा पत्ता नाही, अशा वाटेवर ती माउली नवऱ्याच्या मागे चालली. शके १८१३, म्हणजे १८९१ च्या वैशाखात तिने गंगाखेडला देह ठेवला. मराठवाड्याचा वैशाख तो. महाराजांनी तिचे उत्तरकार्य केले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते.

पूर्वी हे प्रकरण मी एका दमात वाचून पुढे जायचो. ही गेल्यापासून तिथे थांबतो. महाराजांनी पत्नीला काही द्यायचे राहिले होते का, असा प्रश्न आपल्यासारख्याने विचारू नये. पण एक दिसते. ती होती तोवर गृहस्थाश्रमाचा नियम त्यांनी मोडला नाही, तिला सोडून ते निघून गेले नाहीत. ती गेल्यावरच पुढचा आश्रम घेतला. आम्ही माणसे उलटे करतो. जिवंतपणी उद्या उद्या म्हणतो आणि मागाहून वैशाखातल्या उन्हात चालायला निघतो.

गंगाखेडहून महाराज उज्जैनला गेले. तिथे श्री नारायणानंद सरस्वती स्वामींकडून त्यांना दंड मिळाला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव मिळाले. पहिला चातुर्मास उज्जैनचाच. त्या काळी रेल्वे देशभर पसरलेली होती, उज्जैनलाही पोहोचली होती. महाराजांनी वाहनाचा आधार घेतला नाही. पायात काही घातले नाही. संन्याशाने कसे वागावे हे शास्त्रात जे लिहिले होते ते त्यांनी अक्षरशः पाळून दाखवले, स्वतःला सवलत म्हणून घेतली नाही.

१८९१ ते १९१३, एकूण तेवीस चातुर्मास. उज्जैन, ब्रह्मावर्त, हरिद्वार, तिलकवाडा, द्वारका अशी ती गावे. शेवटची वर्षे तर मी एका वहीत लिहूनच काढली आहेत. १९०६ बडवानी, १९०७ तंजावर, १९०८ मुक्त्याला, १९०९ पवनी, १९१० हावनूर, १९११ कुरवपूर, १९१२ चिखलदा, १९१३ गरुडेश्वर. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. बडवानी नर्मदेकाठी मध्य प्रदेशात. तंजावर तमिळ मुलखात कावेरीच्या खोऱ्यात. मुक्त्याला आंध्रात कृष्णेकाठी. पवनी आपल्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर. हावनूर कर्नाटकात तुंगभद्रेवर. कुरवपूर पुन्हा कृष्णेत रायचूरजवळ. आणि तिथून परत नर्मदा. मी नकाशावर पट्टी ठेवून या आठ ठिकाणांमधली अंतरे मांडली. सरळ रेषेने धरले तरी बेरीज चार हजार किलोमीटरांच्या वर जाते. आणि रस्ता कधी सरळ नसतो. मध्ये गाणगापूर, वाडी, पीठापूर अशी वळणे आलीच. हा हिशेब फक्त सात वर्षांचा, वयाच्या बावन्न ते एकोणसाठपर्यंतचा. त्यांना संग्रहणीचा जुनाट विकार होता, हेही त्या हिशेबात धरा.

या वहीवरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आपल्याला सांगावीशी वाटते. संन्याशाने पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे, कारण नद्यांना पूर असतो आणि पायाखाली जीवजंतू मरतात. बाकी आठ महिने फिरायचे, कुठल्या गावात फार दिवस राहायचे नाही. म्हणजे चालणे उरते ते थंडीत आणि उन्हाळ्यातच. आणि पुढच्या आषाढाच्या आत पुढचे ठिकाण गाठायचे, म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ वाटेवर जाणार. आपल्याला जो काळ पंख्याखाली बसायचा, तो संन्याशाचा वाटचालीचा काळ. तेव्हा डांबरी सडक नव्हती हे खरे, पण गाडीवाटेची तापलेली धूळ होती, नदीपात्रातली वाळू होती, बाभळीचे काटे होते. पायात काही नाही आणि मुंडन केलेल्या डोक्यावर फार तर छाटीचा पदर. अशी तेवीस वर्षे.

मी मात्र एका दुपारीच हरलो. हातकणंगले सोडून दीड-दोन तास झाले असतील. रस्ता रुंद करताना जुनी झाडे गेलेली, सावली अशी नाहीच. डांबरातून वाफ येत होती. पाणी कढत झाले होते आणि मी ते जपून जपून पीत होतो, ही दुसरी चूक. आधी पोटऱ्यांत गोळे आले. मग डोके जड झाले, समोरच्या गाड्या पाण्यातून आल्यासारख्या हलायला लागल्या. एकदम लक्षात आले की अंगाला घाम येत नाहीये, अंग कोरडे आणि तापलेले. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले होते. ती काढून टाकावी एवढेही सुचेना. नाव घ्यायला गेलो तर मंत्राचे शब्द मागेपुढे व्हायला लागले. अठरा अक्षरांचा तो नाममंत्र, महाराजांनीच आपल्या सगळ्यांच्या तोंडी दिलेला, लहानपणापासून येतो, आणि मला तो नीट म्हणता येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो. रस्ता सोडून एका मळ्याच्या वाटेला वळलो, तेवढे आठवते.

पुढचे आठवते ते एका वस्तीवरच्या पडवीतले. सत्तरीच्या एक आजी माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवत होत्या. त्यांच्या सुनेने सॅक सोडवून बाजूला ठेवली होती, पायांवर पाणी घातले होते. पाणी एकदम पिऊ दिले नाही, घोट घोट दिले. मग मीठ घातलेले ताक. तासाभराने जरा माणसात आलो. आजी सारखे पाव्हणं, पाव्हणं म्हणून हाक मारत होत्या, झोपू नका, बोलत राहा म्हणत होत्या. कुठून आलात, कुठे निघालात ते सांगितले. वाडीला म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, आणि लगेच रागावल्या, की देवाने काय भर दुपारी बोलावलं होतं का तुम्हाला.

तीनच्या सुमाराला त्यांनी ताट पुढे केले. ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, कांदा. मी जेवलो. आणि जेवून झाल्यावर सवयीने खिशात हात घातला, पाचशेची नोट काढली. आजींचे तोंड उतरले. त्या म्हणाल्या, ताकाचे पैसे घेतले तर सावलीचेही सांगावे लागतील, ते कसे मोजायचे? मला लाज वाटली. नोट परत ठेवली. पस्तीस वर्षे मी काउंटरच्या या बाजूला बसून देणे-घेणे केले. पावतीशिवाय काही घ्यायचे असते हे मला येतच नव्हते.

त्या पडवीत पडल्या पडल्या महाराजांचा दिवस डोळ्यासमोर आला. पहाटे उठणे, स्नान, जप, मग वाटचाल. माध्याह्नीच्या आत पाण्याच्या जागी थांबायचे. पुन्हा स्नान, आन्हिक, देवाची पूजा. मग भिक्षा. जे मिळेल ते, जेवढे मिळेल तेवढे. उद्यासाठी ठेवायचे नाही. दुपारनंतर उपनिषदांचे, भाष्याचे चिंतन, कुणी आले तर त्याच्या शंकेचे समाधान. म्हणजे थांबणे हा त्यांच्या चालण्याचाच भाग होता. मी चरित्रातले फक्त किलोमीटर वाचले होते. स्नानाला थांबणे, पूजेला थांबणे, भिक्षेला दाराशी उभे राहणे, हे मी वाचूनही वाचले नव्हते. नियमात जसे चालायचे लिहिले आहे, तसे थांबायचेही लिहिले आहे. हातकणंगल्याचा हॉटेलवाला मला तेच सांगत होता.

आणि भिक्षेचे म्हणाल तर आपल्याला वाटते, अनवाणी चालणे हे कठीण. मला आता वाटते, भिक्षा त्याहून कठीण. एवढा मोठा विद्वान पुरुष. संस्कृतात दत्तपुराण रचणारा, द्विसाहस्री, सप्तशती, दत्तमाहात्म्य लिहिणारा, ज्याची करुणात्रिपदी आज वाडीपासून परदेशापर्यंत दत्तमंदिरांतून म्हटली जाते. तो रोज दुपारी अनोळखी दारात उभा राहायचा आणि आज जेवायला मिळेल की नाही हे त्या घरच्या बाईवर सोडायचा. पोट तर दुखणाईत, पथ्य सांभाळणे अवघड. तेवीस वर्षे रोज. पाठीवर ओझे नसते तेव्हा भरवसा दुसऱ्यावर ठेवावा लागतो. मी नऊ किलो घेऊन निघालो होतो, कारण मला कुणाकडे काही मागायचे नव्हते. आणि शेवटी वाचलो कशाने? सॅकमध्ये नव्हते त्या ताकाने.

या भ्रमंतीतून आपल्याला काय काय मिळाले त्याची यादी मोठी आहे. श्रीपाद श्रीवल्लभांचे जन्मस्थान पीठापूर आणि श्री नृसिंह सरस्वतींचे कारंजा ही स्थाने महाराजांनीच उजेडात आणली असे संप्रदाय मानतो. आज तिथे आपण गाड्या करून जातो. कुरवपूरच्या बेटावर १९११ चा चातुर्मास झाला. घोरकष्टोद्धरण स्तोत्र त्या काळातले. लहानांसाठी कुमारशिक्षा, तरुणांसाठी युवशिक्षा, आणि आपल्यासारख्यांसाठी वृद्धशिक्षा, असे तीन वयांना तीन ग्रंथ त्यांनी दिले. पुढे वाडीचे दीक्षित स्वामी, नारेश्वरचे रंगावधूत महाराज, पुण्याचे गुळवणी महाराज, इंदूरचे नाना महाराज तराणेकर अशा थोर मंडळींनी हाच दिवा सांभाळला.

शेवटी महाराज नर्मदेवर आले. १९१२ चा चातुर्मास चिखलद्याला झाला आणि १९१३ साली ते गुजरातेत गरुडेश्वरला पोहोचले. त्यानंतर मात्र ते तिथून हलले नाहीत. देह थकला होता, दुखणे वाढले होते. ज्यांनी तेवीस वर्षे पाय थांबवले नाहीत, ते त्या काठावर स्थिर झाले. आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६, म्हणजे २४ जून १९१४ रोजी त्यांनी तिथे समाधी घेतली. साठावे वर्ष चालू होते. ऊन ओसरून पावसाची वाट पाहायचे दिवस ते. नव्या चातुर्मासाची जागा शोधायची आता गरज नव्हती. गरुडेश्वरला नर्मदेच्या घाटावर उभे राहिले की समाधिमंदिराच्या दारातून गार वारा येतो. मी आणि ही तिथे एकदा गेलो होतो, अर्थात गाडीने.

माझी गोष्ट पुरी करतो. आजींचा नातू मोटरसायकलवरून वाडीला सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं, पण या वेळी हट्टाने नाही. पाच वाजता ऊन कलल्यावर हळूहळू जयसिंगपूरपर्यंत चाललो आणि ओळखीच्यांकडे मुक्काम केला. जादा चपला, सतरंजी, छत्री तिथेच ठेवून दिले. चिवडा-लाडू आजींच्या नातवंडांना आधीच दिले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला निघालो. पाठीवर पाणी, गोळ्या आणि पोथी एवढेच. शिरोळला पोहोचेपर्यंत झुंजूमुंजू झाले. ऊन चढायच्या आत वाडी आली.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान केले. मनोहर पादुकांसमोर उभा राहिलो. हिचा तो कागद पोथीतून काढून हातात धरला. मनाशी ठरवले होते की इथे आल्यावर नवस फिटला म्हणायचे. पण तोंडातून तसे काही येईना. कारण नवस तिने माझ्या एकट्याचा बोलला नव्हता, दोघांचा बोलला होता. दोघांनी चालायचे ते चालणे आता होणार नाही. खाते असे बंद करता येत नाही. बँकेत असतो तर मी तो कागद येणे बाकीत दाखवला असता आणि दर वर्षी पुढे ओढला असता. इथे तो पादुकांसमोर ठेवला, एवढेच केले. महाराजांना सांगितले, की जेवढे माझ्या हातात होते तेवढे, उशिरा का होईना, केले आहे; उरलेले तुमच्याकडे.

मग घाटाच्या पायऱ्यांवर बसून सप्तशतीचे पारायण सुरू केले. तिच्या बोटांनी पाने मऊ झालेली आहेत. शेजारी एक जोडपे बसले होते, आमच्याच वयाचे. ते गृहस्थ बायकोला म्हणत होते, पुढच्या वर्षी चालत येऊ. मला राहवले नाही. अनोळखी माणसाला मी म्हटलं, काका, पुढचं वर्ष कशाला, या मार्गशीर्षातच या. रात्रीचे निघा, थोडे सामान घ्या, आणि वाटेत कुणी थांबा म्हटले तर थांबा. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मंडळी मात्र हसल्या.

दत्तजयंतीच्या निमित्ताने वाचकांनाही माझे तेवढेच सांगणे आहे. काही बोलला असाल तर या मोसमात उरकून घ्या. थंडी आहे, वाट चांगली आहे. ज्याच्याबरोबर जायचे, ते माणूस बरोबर असताना जा.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥